सीडीच पाहिजे, पेन ड्राइव्ह चालणार नाही

मी डीव्हीडी रायटर बोलतोय. लॅपटॉपला बाहेरून वायरीने जोडतात, तो. हो, आम्ही अजून आहोत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबतो.

झालं? मग ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट माहीत नाही. माझ्या खोक्यावर अकरा भाषांत सूचना आहेत, पण बापाचं नाव एकाही भाषेत नाही. एक मोटर, एक सरकता ट्रे, एक इवलासा लाल डोळा आणि वर काळं प्लॅस्टिक, एवढाच माझा देह. शेपटीला दोन तोंडांची वायर. एका तोंडाने पोट भरलं नाही तर दुसरंही लावायचं, अशी सोय. माणसांनाही अशी सोय असती तर लग्नाच्या पंगतीत काय धमाल आली असती.

जहाजातून, टेम्पोतून, गोदामातून होत होत मी अंधेरीला स्टेशनजवळच्या एका शॉपिंग सेंटरात चंद्रप्रकाशच्या गाळ्यात येऊन पडलो. चंद्रप्रकाश कॉम्प्युटरचं सटरफटर विकायचा. माऊस, चार्जर, मोबाइलची कव्हरं. मला त्याने सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आणि विसरला. तिथे मी अडीच वर्षं होतो. खालचे हेडफोन आठवड्याला बदलायचे. मी आपला तिथेच. धूळ झटकताना चंद्रप्रकाश माझ्याकडे बघून म्हणायचा, "ये किसके गले मारूं?" असं ऐकत अडीच वर्षं काढून बघा, मग माझ्या स्वभावाबद्दल बोला.

एका मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला कल्पिता आली.

पंचवीसेक वर्षांची, खांद्याला लॅपटॉपची बॅग, कपाळावर घाम, चेहऱ्यावर भांडणाची पूर्ण तयारी. राहायला वेसाव्याच्या कोळीवाड्यात, नोकरी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करण्याची.

"सीडी राइट करायचं मशीन आहे? बाहेरून लावायचं?"

चंद्रप्रकाश तिच्याकडे असा बघायला लागला, जणू तिने चिमणीचा कंदील मागितला.

"मॅडम, आजकल कोण सीडी वापरतं? पेन ड्राइव्ह घ्या ना. चौसष्ट जीबी."

"सरकारी ऑफिसला सांगा ते. त्यांना सीडीच पाहिजे. तीन प्रतींत. पेन ड्राइव्ह चालणार नाही म्हणाले, व्हायरस येतो."

मग तिने सगळं सांगितलं. मुंबईत दुकानदाराला आपली कर्मकहाणी सांगितल्याशिवाय कुणाला खरेदी करताच येत नाही. तिची आजी कृष्णाबाई अंधेरीतल्या एका मासळी बाजारात पंचेचाळीस वर्षं ओट्यावर बसून मासे विकत होती. बाजाराचं नाव मी सांगत नाही. उगाच कशाला? तर तो बाजार पाडून नवा बांधायचं ठरलं. नव्यात ओटा कुणाला मिळणार त्याची यादी लागली, आणि यादीत कृष्णाबाई नव्हती. परवाना तिच्या सासूच्या नावावर होता. सासू कधीच वारली, पण परवाना तिच्या नावावर तसाच राहिला. आता कृष्णाबाईने २००५ सालाच्या आधीपासून ती स्वतः तिथे बसत असल्याचा पुरावा द्यायचा होता. सुनावणी शुक्रवारी. सोमवारी यादी पक्की.

"पुरावा आहे?" चंद्रप्रकाशने विचारलं. आता त्यालाही गोष्टीत रस आला होता.

"आहे ना. आत्याच्या लग्नाचं शूटिंग. त्यात आजी बाजारात दिसते. पण ते जुन्या सीडीवर आहे आणि माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. झेरॉक्सवाल्याकडे गेले तर तो हसला. फोटो स्टुडिओ होता, तिथे आता मोमोज मिळतात."

चंद्रप्रकाशने स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरून आम्हा तिघांना खाली काढलं. हो, तिघं होतो. पहिला मोठ्या कंपनीचा, चकचकीत, सव्वातीन हजारांचा. त्याच्या खोक्याला सुद्धा माज होता. दुसरा पापडासारखा पातळ, साडेआठशेचा. तिसरा मी, चौदाशे नव्वदचा, खोक्याला एका कोपऱ्यात पोचा.

कल्पिताने मोबाइल काढला आणि आमची लोकांनी काय लायकी ठरवलीय ते वाचायला लागली. माणसांची ही एक गंमत आहे. जन्माचा जोडीदार चहा-पोह्यांवर पसंत करतात, पण वायरीची वस्तू घेताना चारशे अनोळखी माणसांचा सल्ला घेतात. माझ्याबद्दल घाटकोपरच्या कुणी एक तारा दिला होता, कारण खोका चेपलेला आला. मुलुंडच्या एकाने पाच तारे दिले होते आणि लिहिलं होतं, "अजून उघडलं नाही, पण छान वाटतंय."

"हा पापड घ्या मॅडम," चंद्रप्रकाश म्हणाला. "सस्ता, सुंदर."

कल्पिताने पापडाचा खोका डोळ्याजवळ नेला. लॅबमध्ये दिवसभर बारीक अक्षरातले आकडे वाचून तिची नजर कावळ्यासारखी झाली होती. "यावर रीडर लिहिलंय. म्हणजे हा फक्त वाचणार. राइट कोण करणार, तुम्ही?"

चंद्रप्रकाशने पापड पटकन बाजूला सरकवला.

"आणि हा?" तिने माझ्यावर बोट ठेवलं.

"वाचतो, लिहितो, सीडी, डीव्हीडी, सब कुछ."

"माझ्या लॅपटॉपवर चालेल? वेगळा अ‍ॅडॅप्टर लागेल का? लावून दाखवा."

"मॅडम, सील तोडावं लागेल."

"तोडा ना मग. सीलची पूजा करायचीय का?"

अडीच वर्षांनी माझ्या अंगावरचं प्लॅस्टिक फाटलं. वारा लागला. चंद्रप्रकाशने कुठल्याशा मेलेल्या प्रिंटरची सीडी शोधून माझ्या तोंडात दिली. कल्पिताच्या लॅपटॉपला एक वायर लावली; मी दोनदा घरघरलो आणि बंद पडलो. इज्जतीचा फालुदा. पण ती हुशार. माझी शेपटी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "याला दोन तोंडं आहेत. दुसरं पण लावू." दुसरं तोंड लॅपटॉपच्या पलीकडच्या बाजूला पोचेना. चंद्रप्रकाशने एक छोटी जोडवायर फुकट दिली. मग मी फिरलो! सुंईऽऽ करून फिरलो आणि प्रिंटरची सगळी माहिती धडाधड वाचून दाखवली.

घासाघीस झाली. तेराशेला ठरलं. पाच कोऱ्या सीड्या वर. पावतीवर तिने चंद्रप्रकाशकडून लिहून घेतलं, "चालला नाही तर आठ दिवसांत परत." त्याने लिहिलं, पण त्याचा चेहरा मुलगी सासरी पाठवल्यासारखा अजिबात नव्हता. सुटलो एकदाचा, असा होता. मीही मागे वळून बघितलं नाही.

वेसाव्याच्या घरी पोचल्यावर कळलं की खरी गोची पुढे आहे. लग्नाच्या सीड्या दोन होत्या. लग्नाची सीडी डब्यात नीट होती. पण बाजाराचं शूटिंग होतं हळदीच्या सीडीत, आणि हळदीची सीडी घरात कुठेच नव्हती. कल्पिता आणि तिचा धाकटा भाऊ कृणाल, दोघांनी पोटमाळा उपसला.

कृष्णाबाई जेवत होती. नाकात नथ, आवाज भरतीच्या समुद्रासारखा. ती म्हणाली, "आगो पोरी, ती हलदीची ना? ती वट्यावर टांगलीय. कावल्यांसाटी."

"काय?"

"कावले लय येतात. चमचम बगून पलतात. तेरा-चौदा वरसं झाली टांगून."

ज्या पुराव्यावर आजीचा ओटा अवलंबून होता, तो पुरावा त्याच ओट्यावर दोऱ्याला लटकून कावळे हाकलत होता. कृणाल हसता हसता लोळायला लागला, तर तिने त्याला उशी फेकून मारली.

"आज्जे, तुला माहीत होतं त्यात काय आहे ते?"

"मना काय माईत? प्लेयर मोडला तवा तुजा बापूस बोलला, टाकून दे. मी टाकली नाय, कामाला लावली. माजा काय चुकला?"

कृष्णाबाईशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं. बुधवारी बाजारातून येताना तिने ती सीडी सोडवून आणली.

मी सीडी बघितली आणि माझा डोळाच पांढरा झाला. वरून उन्हाने उडालेला रंग, खालून ओरखडे, खारं पाणी, आणि बोंबलांचा वास. मला नाक नाही, तरी तो वास आला. कल्पिताने ती भांड्यांच्या साबणाने धुतली, मऊ सुती कापडाने मधून बाहेर, मधून बाहेर अशी पुसली. गोल पुसायची नसते हे तिने मोबाइलवर बघितलं होतं. गुरुवारी तिने लॅबमधून अर्धी रजा घेतली आणि दुपारी दोनला आम्ही कामाला बसलो.

पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. नुसतं धुकं. बाहेर काढली, पुन्हा पुसली, पुन्हा आत. मी हळू केलं. डोळा बारीक करून एकेक रेघ चाचपत गेलो. घर्र… घर्र… टक. घर्र… लॅपटॉपवर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. अकरा टक्क्यांवर वीस मिनिटं अडकलो. कल्पिता नखं खात होती. कृणाल म्हणाला, "ताई, सोड ना. वाट लागलीय त्याची."

"तू गप रे! तो ट्राय करतोय ना."

अडीच वर्षांत माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललं ते हे पहिलंच वाक्य. मग मीही मागे हटायचं नाही असं ठरवलं.

पावणेपाचला फाइल उतरली. सगळी नाही, मधे मधे तुकडे गेले. नवरीच्या मामाचं भाषण गेलं. त्याबद्दल घरात कुणालाही वाईट वाटलं नाही. पण चौदाव्या मिनिटाचा बाजार शाबूत होता.

कल्पिताने तेवढाच तुकडा वेगळा केला आणि कोऱ्या सीड्यांवर लिहायला घेतला. पहिली सीडी निम्मी झाली असताना कृणालने मोबाइल चार्ज करायला माझी जोडवायर उपटली. सीडी गेली कामातून. कल्पिता काय बोलली ते मी इथे लिहीत नाही, कोळीवाड्यातल्या चार घरांनी ऐकलं तेवढं पुरे. दुसरी सीडी माझ्यामुळे बिघडली, हे प्रामाणिकपणे सांगतो. तापलो होतो. तिने मला खिडकीत वाऱ्याला ठेवलं, अर्धा तास थांबली, आणि मग उरलेल्या तिन्ही मी एका दमात नीट लिहून दिल्या. नंतर तिन्ही परत वाचूनही दाखवल्या. सहावी कोरी सीडी नव्हतीच.

शुक्रवारी साडेअकराला सुनावणी. कल्पिताने निघताना लॅपटॉप बॅगेत टाकला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मलाही टाकला.

ऑफिसच्या बाहेर बाकड्यांवर आठ-नऊ कोळणी बसल्या होत्या. आत टेबलामागे सुनावणीच्या मॅडम, शेजारी कारकून. कारकुनाने कल्पिताच्या हातातल्या तीन सीड्या मोजल्या, त्यांवर शिक्के मारले आणि एक घेऊन कॉम्प्युटरकडे वळला. पुढून बघितलं. मागून बघितलं. वाकून टेबलाखाली बघितलं.

"याला खाचच नाही," तो म्हणाला.

मार्चमध्ये त्यांचे कॉम्प्युटर बदलले होते. नव्यांना सीडीची सोय नव्हती. सीडी मागायची नोटीस मात्र जुनीच छापत होते.

"मग पुढची तारीख घ्या," कारकून म्हणाला.

"यादी सोमवारी पक्की होणार ना?" कल्पिताचा आवाज चढला. "पुढची तारीख घेऊन काय करू? फ्रेम करून लावू?"

आणि तिने मला बॅगेतून काढून टेबलावर ठेवलं.

"ऑफिसच्या मशीनला बाहेरची वस्तू लावता येणार नाही."

"माझ्या लॅपटॉपला लावते. तसं लॅपटॉपमध्येच आहे व्हिडिओ, लगेच दाखवते."

"नाही नाही. सीडी जोडलेली आहे, तर सीडीतूनच दाखवा."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "दाखवा हो सीडीतून. चला लवकर."

मी फिरलो. आयुष्यात इतक्या काळजीने कधी फिरलो नव्हतो.

पडद्यावर मासळी बाजार आला. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख, १४ डिसेंबर २००३. गर्दी, बर्फ, पाट्या. आणि ओट्यावर पन्नाशीच्या आतली कृष्णाबाई, केसांत अबोलीचा गजरा, हातात हलवा मासा. मागच्या भिंतीवर निळ्या रंगात ठसठशीत: ओटा क्र. ४१. ती कॅमेऱ्याकडे बघून ओरडली, "फोटू कसला काढतंस रे? मागं गिऱ्हाईक हाय, सरक बाजूला!"

मॅडम हसल्या. कारकुनालाही हसू आवरेना. कृष्णाबाई तेवढी हसली नाही. पदर सावरून ती पडद्याकडे टक लावून बघत होती.

"या तुम्हीच का?" मॅडमनी विचारलं.

"दुसरी कोन असा आरडल?"

"मुलीची हळद, आणि तुम्ही बाजारात?"

"मासली आलती. ती थांबल काय हलदीसाटी?"

कारकून मात्र कामाचा माणूस. तो म्हणाला, "मॅडम, कॅमेऱ्यात तारीख कुठलीही टाकता येते."

मी फिरायचा थांबलो. कृष्णाबाईने नातीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला भीती दिसली. पंचेचाळीस वर्षांचा ओटा त्या नारिंगी आकड्यांवर लटकला होता.

कल्पिताने बॅगेतून लग्नपत्रिका काढली. हळद १४ डिसेंबर, लग्न १५ डिसेंबर. मग रेवतीआत्याच्या लग्नाचा सरकारी दाखला काढला. त्यावरही लग्नाची तीच तारीख, १५ डिसेंबर २००३. "हे तुमच्याच सरकारने दिलंय," ती म्हणाली. "हे पण कुठलंही टाकता येतं का?"

मॅडमनी तिन्ही तारखा ताडून बघितल्या. मग कारकुनाला म्हणाल्या, "नोंद घ्या. पात्र धरा."

कृष्णाबाईने हात जोडले नाहीत की डोळे पुसले नाहीत. ती म्हणाली, "बाय, सकालपासून बसलीस, चाय घेतलीस काय?" आणि मॅडमनी खरंच तिच्यासोबत चहा घेतला.

आम्ही निघणार तेवढ्यात कारकून दारापर्यंत आला. आवाज एकदम मऊ. "ताई, बाहेर अजून बायका आहेत. चौघींनी सीड्या आणल्यात. ते मशीन जरा राहू द्याल का?"

कल्पिताला लॅबमध्ये पोचायचं होतं. कृष्णाबाईने स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसली. "तू जा. लॅपटॉप पन ठेव. मी बसतंय राखन."

पाच वाजेपर्यंत मी चार सीड्या वाचल्या. एकीची बारशाची, एकीची नारळी पुनवेची, दोघींच्या लग्नाच्या. कुणी माझ्याकडे हात नेला की कृष्णाबाई म्हणायची, "हलू हात लाव. जुना हाय तो." मी जुना नव्हतो, तीन दिवसांपूर्वी सील तुटलं होतं. पण तिच्या तोंडी जुना म्हणजे आपला, हे मला तोवर कळलं होतं.

महिन्याने पत्र आलं. ओटा मिळाला. नावाच्या जागी छापलं होतं, "कृष्णाभाई". कल्पिता संतापली. कृष्णाबाई म्हणाली, "भाय तर भाय. बसायला मिलाला ना?"

आता मी वेसाव्यालाच असतो, फ्रिजवर, क्रोशाच्या रुमालाखाली. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. लोक सीड्या घेऊन येतात. कुणाचं लग्न, कुणाचं स्नेहसंमेलन, कुणाच्या होडीचं पूजन. मी वाचतो, कल्पिता पेन ड्राइव्हवर भरून देते. कुणी मागे पापलेट ठेवून जातं. माझ्या वाट्याला त्यातलं काही येत नाही, याची मी नोंद करून ठेवली आहे.

पण माझा डोळा मंद होत चाललाय. ट्रे कधी कधी अर्ध्यावर अडतो, मग कृणाल चापट मारतो. गेल्या महिन्यात शेजारची सोनूबाई एक सीडी घेऊन आली. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी होडीवरून गेला तो परत आलाच नाही. सीडीत गणपतीत त्याने म्हटलेली आरती होती. बाकी कुठेही त्याचा आवाज नव्हता. मी तीन तास झटलो. सीडीचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला होता. त्यात काही उरलंच नव्हतं. सोनूबाई सगळा वेळ समोर बसून राहिली. शेवटी कल्पिताने मान हलवली, तेव्हा ती उठली, सीडी रुमालात गुंडाळली आणि म्हणाली, "जाव दे. दोन वरसं आदी आनायला हवी व्हती."

त्या दिवसापासून मी थट्टा जरा कमी करतो.

म्हणून एवढंच सांगतो. तुमच्याही घरात, कपाटावर, टीव्हीच्या खणात एखादी सीडी पडली असेल. दिवाळीच्या साफसफाईची वाट बघू नका. आणा. रविवारी कल्पिता घरी असते. एकच्या आत या. एकनंतर कृष्णाबाई झोपते आणि घरात मोठ्याने बोलायची, फिरायची, घरघरायची कुणालाही परवानगी नाही. मलाही नाही.